लागोसच्या किनाऱ्यावर अन्सारभाई

अकोल्याच्या जुन्या शहरात सहल ठरली की लोक आधी अन्सारभाईंचं दार ठोठावत. त्यांची मिनीबस माणसांना पातूरच्या लेण्यांना न्यायची, चिखलदऱ्याला न्यायची. कुणाच्या आजीला गाडी लागते, कुणाला खिडकीच हवी, डबे कुठल्या झाडाखाली सोडायचे, सगळं त्यांच्या ध्यानात. सुट्टीच्या दिवशी लेक नगमा शेजारच्या सीटवर बसायची. घरात उर्दू चालायची, पण गाडीत बापलेकीची बोली वऱ्हाडी.

नगमानं अमरावतीला जाऊन पर्यटनाचं शिक्षण घ्यायचं ठरवलं, तेव्हा अन्सारभाईंचे थोरले भाऊ मोहसीन भडकले.

"पोरीले लोकं फिरवाचं शिकवतं काय? काहून?"

"मी जन्मभर तेच करून राहिलो, भाईजान," अन्सारभाई म्हणाले. "मले लाज नाई वाटली, मंग तिले काहून वाटावी?"

शिकून ती गोव्याला एका हॉटेलात लागली. तिथंच पोर्तुगीज बोलायला शिकली आणि पुढं थेट पोर्तुगालच्या लागोस गावी पर्यटकांना फिरवू लागली. यंदा उन्हाळ्यात तिनं अब्बांना बोलावलं. तिच्या अम्मीचे, आमिनाबींचे, गुडघे प्रवासाला राजी नव्हते. "माह्या वाटचं बी पाहून या," एवढंच त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

अटलांटिकच्या काठावर ऊन अकोल्यासारखंच लख्ख होतं, वारा मात्र गार. पिवळ्याधमक कड्यांखाली निळं पाणी उसळत होतं. त्या दिवशी नगमा पाहुण्यांना बोटीतून समुद्रातल्या गुहा दाखवणार होती. अन्सारभाईही त्यांच्यात मिसळून धक्क्यावर उभे राहिले. पण लाटा वाढल्या आणि बोटवाल्यानं नकारार्थी मान हलवली.

पाहुणे कुरकुरू लागले. एका उंच गृहस्थानं तर आवाजच चढवला. अन्सारभाई पुढं सरसावले, पण लेकीनं डोळ्यांनीच त्यांना थांबवलं. तिनं त्या गृहस्थाचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हसून काहीतरी म्हणाली, तसे चारजण हसले आणि सगळा घोळका तिच्यामागून कड्यावरच्या पायवाटेनं निघाला.

वरून खडकांच्या कमानी दिसत होत्या. लाट गुहेत शिरली की आत ढोल वाजल्यासारखा आवाज येई आणि पांढरे तुषार वर उडत. लोक कुरकुर विसरले. मागं एक म्हातारी काठी टेकत येत होती. नगमा तिला काहीच बोलली नाही. थोडं चालायची, थांबायची, कुठं पक्ष्याचं घरटं दाखवायची, कुठं दीपगृहाची गोष्ट सांगायची. तेवढ्यात म्हातारी येऊन पोचायची.

अन्सारभाई जागीच थबकले. पातूरच्या लेण्यांकडे चढताना दमलेल्या आजीबाईंसाठी ते असेच गोष्ट काढून थांबत. पोरीला हे कधी मुद्दाम शिकवलं नव्हतं. त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला, मग डोळेही.

दुपारी वाळूकाठच्या खानावळीत भाजलेल्या मासळीचा घमघमाट सुटला. उंच गृहस्थानं नगमाला विचारलं, "हे तुमच्यासोबतचे कोण?"

"माझे वडील," ती इंग्रजीत म्हणाली. "हे काम मी यांच्या गाडीत बसून शिकले."

गृहस्थ उठले. सावलीतली आपली खुर्ची त्यांनी अन्सारभाईंपुढं सरकवली आणि हात पुढं केला. म्हातारीनं टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनीही. अन्सारभाईंनी एका हातानं तो हात धरला, दुसऱ्यानं सगळ्यांना सलाम केला.

"अब्बा, बसा नं," नगमा हळूच म्हणाली. "सारे तुमच्यासाठीच थांबले."

"थांबू दे," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत पयल्यांदा लोकं माह्यासाठी थांबून राहिले."

ऊन कललं तेव्हा बापलेक पाण्यात उतरले. अन्सारभाईंनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला होता. बर्फासारखी लाट पायांवर आली आणि ते असे किंचाळले की शेजारची पोरं हसू लागली. लेकीचा हात मात्र त्यांनी सोडला नाही.

अकोल्याला परतल्यावर चहाच्या टपरीवर जुने दोस्त जानराव यांनी विचारलं, "काय काय पाह्यलं मंग तिकडं?"

"समुद्र पाह्यला, किल्ला पाह्यला," अन्सारभाई बशीत चहा ओतत म्हणाले. "अन माही लेक कामावर पाह्यली. आधी तेच सांगतो, आयका."