डब्यातलं व्हायोलिन

आमचे व्हायोलिनवाले गजाचं टोक माझ्या सिंथेसायझरवर दोनदा आपटायचे आणि म्हणायचे, "ह्याला हिवताप झालाय." आमच्यातला नमस्कार-चमत्कार एवढाच. दर रविवारी सकाळी घाटकोपरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या जुन्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्राची तालीम असायची, आणि दोन वर्षं मी तिथे हे ऐकत होतो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. हे गृहस्थ गेलेले नाहीत, मुलुंडला ठणठणीत आहेत, त्यामुळे माझी ती अडचण नाही. तोंडावर आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. माघारी मी काय म्हणायचो ते छापण्यासारखं नाही. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच, कामात पक्का आणि त्या जोरावर चारचौघांत दुसऱ्याची सालटी काढणारा.

काका मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे व्हायोलिनवर पोट भरत होते. एके काळी गोरेगावच्या स्टुडिओत वीस-वीस व्हायोलिनवाल्यांच्या रांगेत बसायचे. ती रांग माझ्याकडे आहे तसल्या यंत्रांनी उठवली. आमच्या ऑर्केस्ट्रातही पूर्वी तीन व्हायोलिनं होती म्हणे, मी आलो तेव्हा हे एकटे उरले होते. माझ्या सिंथेसायझरला ते कधी त्याच्या नावाने हाक मारायचे नाहीत. "तुझो डबो" म्हणायचे. बसताना खुर्ची अशी फिरवून घ्यायचे की माझ्याकडे पाठ यावी. चहाची किटली त्यांच्या हातात असली की माझा ग्लास रिकामाच राहायचा.

एवढं मी सोसलं असतं. पण एकदा बोरिवलीच्या कार्यक्रमाला माझी आई आली होती. ठेवणीतली साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर मी तिची सगळ्यांशी ओळख करून दिली, तर काका तिला म्हणाले, "ताई, मुलाला दुसरं काहीतरी शिकवा. अजून वय आहे त्याचं." घरी येताच आईने ती साडी घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवली. त्या दिवसापासून मी त्यांना मनातून माफ केलेलं नाही.

महिन्याभरात ऑर्केस्ट्राच्या मालकांनी मला बाजूला घेतलं. त्यांचं पडद्यांच्या कापडाचं दुकान होतं, गाण्यातलं फारसं कळत नव्हतं, पण कटकटीचा कंटाळा होता. म्हणाले, "तुझ्या मशीनमध्ये व्हायोलिन एकदम खरं वाटेल असं बसव यार. मग काकांना सांगून टाकू. एक माणूस कमी, डोक्याला ताप कमी." काकांना वाजवायला आता ही एकच जागा उरली होती, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी लगेच हो म्हटलं.

आता थोडं यंत्राचं सांगतो. सिंथेसायझरमध्ये एलएफओ म्हणून एक सोय असते. ती एक लहर असते, इतकी संथ की ती स्वतः ऐकूच येत नाही. तिचं काम दुसऱ्या आवाजाला धरून हलवणं. सुराला लावली की सूर किंचित खालीवर होतो, व्हायोलिनवाल्याचं बोट तारेवर डोलतं तसा. किती वेगाने हलवायचं, किती हलवायचं आणि कधी सुरू करायचं, एवढं आपण ठरवायचं. माझा सूर पट्टी दाबल्या दाबल्या थरथरायला लागायचा. काकांचा हिवताप तो हाच.

"मेल्या, सूर आदी लागांदे, मगे हलय," एकदा ते भडकून म्हणाले. रागावले की मालवणीवर जायचे. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि लहर अर्धा सेकंद उशिरा सुरू होईल असं लावलं. आवाज चक्क सुधारला.

तिथे मला युक्ती सापडली. या माणसाला विचारायचं काहीच नाही. विचारलं असतं तर त्यांनी जन्मात सांगितलं नसतं. नुसतं त्यांच्या कानाशी चुकीचं वाजवायचं, ते त्यांना सहन व्हायचं नाही. मग मी मुद्दाम चुकत गेलो. सूर दोन्ही बाजूंना हलवला तर म्हणाले, "बोट सुराच्या खाली जातं नि परत येतं. वर कशाला चढतोस? घर आहे का तुझं तिथे?" बारक्या सुरांनाही कंप दिला तर म्हणाले, "येवढ्याशा सुराला हलायला टाइम तरी आहे का रे?" सगळे सूर एकाच वेगाने हलवले तेव्हा त्यांनी उठून सरळ माझी वायर उपटली.

मग मी एका एलएफओवर दुसरा बसवला, म्हणजे हलण्याचा वेगही थोडा कमीजास्त होत राहील. त्या रविवारी काका काही बोलले नाहीत. शिवी आली नाही म्हणजे बरोबर, हे मला एव्हाना कळत होतं. घरी गेलो की मी वहीत प्रत्येक शिवीपुढे बटणाचा आकडा लिहून ठेवायचो. आपली जागा आपणच खाली करतोय याचा त्यांना पत्ता नाही, या विचाराने मला वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मजा येत होती.

मुलुंडच्या नाट्यगृहात दुपारचा कार्यक्रम होता. मालक मला आधीच म्हणाले होते, "काकांचा हा शेवटचा. मी बोलतो त्यांच्याशी." पडद्यामागे माईक तपासणं चाललं होतं आणि मी व्हायोलिनचा आवाज लावून बघत होतो. त्या दिवशी मुद्दाम काही चुकवलं नव्हतं. काका आले आणि गज काखेत धरून शेजारी उभे राहिले.

"वेग कुठे असतो?" त्यांनी विचारलं. दोन वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न.

मी बटण दाखवलं. त्यांनी डाव्या हाताने एक खालचा सूर दाबून धरला, कान स्पीकरला लावला आणि उजव्या हाताने बटण जरासं मागे आणलं. परत थोडं पुढे. परत मागे. "वरती ठीक आहे. पण खालच्या तारेवर बोट सावकाश हलतं. तिथलं वेगळं लाव."

मी लावलं. त्यांनी चार सूर वाजवून बघितले.

"आता ठेव."

"म्हणजे?"

"म्हणजे सेव्ह कर, गाढवा. की पुढच्या कार्यक्रमात परत बोंब?"

त्यांच्यादेखत मी सेव्हचं बटण दाबलं. मग ते आपल्या खुर्चीवर माझ्याकडे पाठ करून बसले आणि तीन तास नेहमीसारखं चोख वाजवलं. चहाला थांबले नाहीत.

पुढच्या रविवारी मालक खुशीत होते. "बरं झालं, काकांनी तमाशा केला नाही."

"कधी सांगितलंत त्यांना?"

"त्याच दिवशी सकाळी. फोन केला ना मी, म्हटलं व्हायोलिन आता मशीनवरच. हो म्हणाले नि ठेवला."

मला स्वतःची शरम वाटली आणि काकांचा भयंकर राग आला. माझ्यावर असे उपकार करायला त्यांना कोणी सांगितलं होतं? तालीम अर्धवट सोडून मी तसाच मुलुंडला त्यांच्या घरी गेलो. बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"काका, तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

त्यांनी फटीतूनच विचारलं, "खालचे सूर नीट वाजतायत?"

"वाजतायत."

"मग इथे कशाला आलास?" म्हणाले, आणि दार लावून घेतलं.