बारशातून आलेली सर्दी

"ब्राँकिओलायटिस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्या सुजतात, चिकट कफाने भरतात, असं त्यांनी समजावलं. आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे. मोठ्या माणसाचं त्यात नुसतं नाक गळतं. माझ्या तान्ह्याच्या बरगड्या मात्र दर श्वासाला आत ओढल्या जात होत्या, आणि दूध प्यायला त्याच्यात दमच नव्हता.

आमच्या गावात, कासार आंबोलीत, बारसं दणक्यात झालं होतं. चांदे गावी दिलेल्या वन्सं, म्हणजे माझी नणंद सुमी, नाक पुसत पुसतच आल्या. आत्याशिवाय बारसं कसं व्हायचं? बाळाच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी नाव सांगितलं, कुर्र केलं, पटापट मुके घेतले.

दवाखान्यात सासूबाई म्हणाल्या, "दिष्ट लागली. न्हाईतर ही सुमीचीच सर्दी हाय."

डॉक्टरीणबाई हसल्या. "दृष्ट काढा आजी, पण बाळाजवळ धूर नको, धुरीपण नको. आणि सर्दी कुणाची ते शोधू नका. खोकताना तुषार उडतात, हाताला लागतात, त्याच हातांनी आपण बाळाला घेतो. एवढ्या पाहुण्यांत कुणाकडूनही आली असेल."

नाकाला ऑक्सिजन, पोटात दुधाची नळी. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. नाक साफ ठेवायचं आणि वाट बघायची. देवा, तसली वाट बघणं वैऱ्यावरही येऊ नये! मग एका सकाळी बाळ अंगावर चुटूचुटू ओढायला लागलं, आणि मी ढसाढसा रडले.

तुमच्या घरी तान्हं असेल तर बारसं खुशाल करा. सर्दीवाल्यांनी लांबून बघायचं, बाकीच्यांनी साबणाने हात धुवायचे, तोंडाचे मुके कुणीच घ्यायचे नाहीत. कुणी रुसलं तर रुसू दे. बाळाला धाप लागली, दूध सुटलं, तर काढे-चाटणांत वेळ घालवू नका.

आम्ही घरी आलो. सगळे बघून गेले, वन्सं काही येईनात. शेवटी आल्या त्या अंगणातच थबकल्या. "हितूनच बघते, वैनी. मी न्हाई हात लावायची त्याला."

मला लई राग आला. "एकुलती एक आत्या, आन् ती अंगणात? सर्दी हाय का आता?"

"न्हाई."

"मग नळ तितं हाय."

कोपरापर्यंत हात धुऊन त्या आल्या. बाळ मांडीवर घेतलं आणि हमसून हमसून रडल्या. संध्याकाळी चांद्याला निघायची वेळ झाली, तरी बाळ काही परत देईनात.