यादीतली बेबाबाई

बेबाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते कपाशीच्या शेतात. कमरेला ओटी बांधून ती वेचणी करत होती. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. हवेत गारवा होता, तरी ती मधेच थांबून पदराने वारा घ्यायची. मला वाटलं, तिला ताप असेल.

मी आमच्या आमदार मॅडमच्या जळगावच्या कार्यालयात काम करते. पत्रं लिहायची, फोन घ्यायचे, लोकांच्या अर्जांमागे लागायचं. निवडून आल्यावर पहिल्याच बैठकीत मॅडम म्हणाल्या होत्या, "रस्ते आणि सभामंडप सगळेच मागतात, ते होतील. मला तीन गोष्टी हव्यात. ग्रामीण रुग्णालयात बाई डॉक्टर, नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला आसरा, आणि तिशीच्या आत बायांच्या पिशव्या का काढल्या जातात त्याचं उत्तर."

पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडे तो शब्द कुणी उच्चारत नाही.

त्या तिसऱ्या कामासाठी मॅडमनी मला गावोगाव पाठवलं. धरणगावच्या बाजूला एका गावात धुरपदाबाई नावाच्या आशा ताई होत्या. बांधावर उभं राहून त्यांनी हाक मारली, "बेबा, ह्या ताई आल्यात आमदारांकडून. त्यांना तुझं ऑपरेशन सांग."

बेबाबाई म्हणाली, "इचार, काय इचारनं शे ते. हात चालू ऱ्हावू दे."

मग ती कापूस वेचता वेचता बोलत राहिली आणि मी तिच्या मागे मागे सरीतून चालत लिहीत राहिले. ती तेव्हा एकतीस वर्षांची होती. पाच वर्षांपूर्वी तिच्या पोटात दुखायला लागलं, अंगावरून पांढरं जायला लागलं. नवरा सुकदेव दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. त्याने तिला हायवेवरच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. एकदा सोनोग्राफी झाली.

"डॉक्टर बोलना, पिशवी सडी गई. नही काढी तं कॅन्सर व्हई."

तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. मुलगी मयुरी तेव्हा चार वर्षांची होती. बेबाबाईला अजून एक मूल हवं होतं, पण ते कुणाला सांगायला वेळच मिळाला नाही.

"कागदावर सही कुणी केली?" मी विचारलं.

"त्यासनी," नवऱ्याचं नाव न घेता ती म्हणाली. "माले कोनी इचारं नही."

ऑपरेशननंतर वर्षभरात तिच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. कंबर धरायची, गुडघे दुखायचे, झोप उडाली. मी सगळं लिहून घेतलं. निघताना तिने पहिल्यांदा हात थांबवले आणि विचारलं, माझं नाव कुठं जाणार नाही ना?

मी म्हटलं, "नाही हो बेबाताई. मॅडमच्या फाइलमध्ये राहील फक्त."

अशा तेवीस बायांची माहिती मी गोळा केली. सगळ्याच जणी मजुरीला जाणाऱ्या होत्या. सगळ्यांची ऑपरेशनं तिशीच्या आतली आणि बहुतेकींची त्याच दवाखान्यातली होती.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन सुरू झालं आणि मॅडमनी हा विषय लक्षवेधीत मांडला. मी कार्यालयात मोबाइलवर पाहत होते. मॅडम फार चांगल्या बोलल्या. मंत्री म्हणाले, "ठोस माहिती द्या, चौकशी लावतो." दहा मिनिटांत मॅडमचा फोन आला, "प्राची, यादी पाठव. लगेच."

फाइल माझ्यासमोरच उघडी होती. नाव, गाव, वय, दवाखाना. नावं झाकून पाठवायला फार तर पाच मिनिटं लागली असती. मी ती झाकली नाहीत. मंत्री अडचणीत आलेत आणि माझ्या कागदामुळे आलेत, या आनंदात मी होते. आहे तशी यादी पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात मॅडमचा फोटो आला. यादी नागपूरहून जिल्ह्याला आली, या टेबलावरून त्या टेबलावर गेली, आणि सहाव्या दिवशी गावातल्या लोकांच्या मोबाइलवर पोहोचली.

धुरपदाबाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. "काय करून ठेवलं हो प्राचीताई तुम्ही?"

तो डॉक्टर आसपासच्या गावांत देवमाणूस समजला जायचा. अडल्यानडल्याला दार उघडणारा, फोन केला तर उचलणारा. त्याच्याविरुद्ध कुणी बाई बोलली, हेच लोकांना सहन होईना. बेबाबाईच्या सासूला दम्याचा त्रास होता. तिला दवाखान्याच्या दारातूनच परत पाठवलं. कंपाउंडर म्हणाला, "आमची औषधं चालत नाहीत ना तुमच्या सुनेला?" वेचणीची टोळी गोळा करणाऱ्या आक्काबाईंनी बेबाबाईला बोलवणं बंद केलं. सुकदेवला लोक पारावर विचारायला लागले, बायको आतून रिकामी आहे हे खरं का रे? त्याने घरात बोलणं टाकलं. यादीतल्या तेवीसपैकी एकोणीस जणींनी लिहून दिलं, आम्ही कुणालाही काही सांगितलेलं नाही.

मी बेबाबाईला भेटायला गेले. वाटेत किती वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही. बेबाबाई ओट्यावर बसून तूर पाखडत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं.

"तवय त्यासनी सही करी," ती शांतपणे म्हणाली. "आते तू करी दिनी. माले दोन्ही डाव कोनी इचारं नही."

मी तिची माफी मागितली. ती आत गेली, तांब्याभर पाणी आणून माझ्यासमोर ठेवलं आणि परत सूप हातात घेतलं. मी बराच वेळ बसून होते. शेवटी तिची सासू म्हणाली, "जा बाई, तुनी गाडी देखीसन अजून लोके जमतीन." मी उठले.

जळगावला येऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या.

"यादी मी मागितली. चूक तुझ्या एकटीची नाही," त्या म्हणाल्या. "पण आता मागे हटले तर पुन्हा या विषयावर कुणी तोंड उघडणार नाही. मी स्वतः जाते त्या गावात. पत्रकारांना घेऊन जाते."

"नको मॅडम," मी म्हटलं. मी त्यांना असं कधीच अडवलं नव्हतं. "त्यांना अजून एक फोटो नकोय."

मॅडम रागावल्या. पण गेल्या नाहीत.

जानेवारीत चौकशी समिती जळगावला बसली. उरलेल्या चार जणींना पत्रं गेली होती. दोघीच आल्या आणि त्यातली एक बेबाबाई. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. सकाळच्या पहिल्या एसटीने एकटीच आली होती. सोबत कुणी हवं का, असं समितीने विचारलं, तेव्हा तिने दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं. का केलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

आत तीन सदस्य होते. डॉक्टरही बसला होता, एकदम नीटनेटका, शांत. दवाखान्याची फाइल टेबलावर होती. संमतीपत्रावर सुकदेवची सही होती. सोनोग्राफीचा रिपोर्ट फाइलमध्ये नव्हता. बेबाबाई सातवी शिकलेली. तिने वाकून केसपेपर पाहिला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं.

"आठे काय लिखेल शे?"

"वय. अडतीस," एक सदस्य म्हणाले.

"तवय माले सव्वीसवं चालू व्हतं. ह्या बारा वरीस कथाईन उनात?"

तिने पिशवीतून आधार कार्ड आणि शाळेचा दाखला काढून टेबलावर ठेवला. बारा वर्षं कुठून आली, हे अध्यक्षांनी डॉक्टरला विचारलं. मग डॉक्टर म्हणाला, "लिहिणाऱ्या मुलीची चूक असेल. दिवसाला साठ पेशंट असतात."

"तुमची तक्रार काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

बेबाबाई म्हणाली, "मनी पिशवी सडेल व्हती का नही, तेवढं सांगा."

ते कुणीच सांगू शकलं नाही. रिपोर्टच नव्हता.

मार्चमध्ये अहवाल आला. 'नोंदी ठेवण्यात त्रुटी आढळल्या. संबंधितांना ताकीद देण्यात यावी.' दवाखाना चालू राहिला. मॅडमनी मात्र पिच्छा सोडला नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आता आठवड्यातून दोन दिवस बाई डॉक्टर येतात. धुरपदाबाई बायांना घेऊन जातात. पस्तिशीच्या आतल्या बाईची पिशवी काढायची तर दुसऱ्या डॉक्टरचं मत आणि त्या बाईची स्वतःची सही घेतलीच पाहिजे, अशी मागणी मॅडमनी लेखी दिली आहे. उत्तर यायचं आहे. हे थोडं नाही, हे मला कळतं.

पण बेबाबाई गाव सोडून गेली. गावात कामच मिळेना, तेव्हा ती मयुरीला घेऊन भडगावला भाऊ हितेंद्रकडे राहायला गेली. तिथं शेतात निंदणीला जाते. सुकदेव बाजाराच्या दिवशी भेटायला येतो. एकदा तो तिला म्हणाला, सही केली नाही तर दोन महिन्यांत बायको जाईल असं डॉक्टरने सांगितलं होतं, मी घाबरलो. पाच वर्षांत तो हे पहिल्यांदाच बोलला. दोघं पुन्हा एकत्र राहतील का, ते तिलाही माहीत नाही.

मागच्या महिन्यात मी भडगावला गेले होते. ती लंगडत दारात आली. हाडं ठिसूळ होतात, इतक्या लवकर पिशवी काढली की असं होतं, हे मी आता बऱ्याच डॉक्टरांकडून ऐकलंय. मी म्हटलं, "माझ्यासोबत चला. बाई डॉक्टर आहे, चांगली आहे. मी तुमच्याजवळ बसून राहीन."

"बाई शे, हाई खरं," ती म्हणाली. "पन आते मी कोनले हात लावू देवाव नही."

मी दोनदा, तीनदा सांगून पाहिलं. मग तो विषय सोडला. एसटीला अजून वेळ होता. आम्ही ओट्यावरच बसलो. ती गुडघा चोळत मयुरीच्या शाळेचं काहीबाही सांगत राहिली आणि मी ऐकत राहिले.