बाबांचा बाप्तिस्मा

आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचा रविवार म्हणजे अर्धं लग्नघरच. नागपुरात सदर भागातल्या मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं चर्च लागतं, आणि त्या दिवशी फाटकातच पोह्यांवरच्या झणझणीत तर्रीचा वास नाकात शिरतो. मागच्या अंगणात पोह्यांचं पातेलं चढलेलं असतं. एरवी पहिलं गीत संपता संपता येणारी माणसं त्या दिवशी आधी येऊन पुढच्या जागा धरतात. ज्यांच्या घरचं कोणी पाण्यात उतरणार नसतं, तेही ठेवणीतले कपडे घालून येतात.

आमचा बाप्तिस्म्याचा हौद व्यासपीठाखाली आहे. वर्षभर त्यावर लाकडी फळ्या आणि फळ्यांवर सतरंजी असते. नव्या माणसाला कळतही नाही, की गाणारी मंडळी जिथे उभी आहेत त्यांच्या पायाखाली पायऱ्या आहेत. आदल्या दिवशी फळ्या उचलायच्या, हौद घासायचा, पाइप सोडायचा हे पुरुषांचं काम. आम्हा बायकांकडे टॉवेल आणि चादरी. माणूस पाण्यातून वर आला की त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकायचा आणि चादरीच्या आडोशाने त्याला आतल्या खोलीत न्यायचं. मी हे लग्नाआधीपासून करते आहे. त्या क्षणी माणसाचा चेहरा फार जवळून दिसतो. कोणी रडतं, कोणी लहान मुलासारखं खुदखुदतं. एका बाईंनी तर मला घट्ट मिठी मारली आणि "कानात पाणी गेलं" एवढंच म्हणाल्या. या कामाचा मला कधी कंटाळा आला नाही.

पाण्यात उतरणाऱ्यांचे पांढरे झगे माझे सासरे शिवायचे. बाबा शिंपी. नरखेडकडच्या एका गावातून तरुणपणी ते नागपूरला आले. घरची संत्र्याची बाग भावाकडे सोडून त्यांनी शिवणकाम धरलं. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, दवाखान्यात नर्स होत्या. युनिफॉर्म शिवायला बाबांच्या दुकानात गेल्या, आणि पुढे जे व्हायचं ते झालं. सासूबाईंचं घर ख्रिस्ती, बाबांचं हिंदू. लग्न झालं, आणि लग्नानंतर बाबा दर रविवारी आईंबरोबर चर्चमध्ये येऊ लागले. शेवटच्या बाकावर दोघं बसत. पंखा कुरकुरला तर बाबा उठून बघत. गीतं त्यांना सगळी पाठ. झगा हलका असला की पाण्यात फुगून वर येतो, म्हणून त्याच्या काठात शिशाचे बारके तुकडे शिवून टाकायची युक्ती त्यांचीच. मंडळीतल्या निम्म्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला तो बाबांच्या हातच्या झग्यात.

स्वतः मात्र बाबा कधी हौदात उतरले नाहीत.

लोक आपापल्या परीने अर्थ लावत. गावचे नातेवाईक दुखावतील म्हणून थांबले असतील, असं कोणी म्हणे. कोणी म्हणे, अजून मनाचं पक्कं होत नसेल. आईंनी सुरुवातीला विचारून पाहिलं होतं. बाबा "पाहू ना" म्हणत आणि विषय बदलत. मग आईंनी विचारणं सोडून दिलं आणि प्रार्थना धरली.

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. बारावीत होती. बाबांनी तिचं माप घेतलं, कापड बेतलं. एका दुपारी मी स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. बाबा आले, खुर्ची ओढून समोर बसले आणि माझ्याबरोबर शेंगा सोलायला लागले. हे नवीन होतं. बाबांना शेंगा खायला आवडतात, सोलायला नाही.

"सुनबाई, तुले एक विचारू?"

"विचारा ना बाबा."

"पाण्याखाली किती वेळ ठेवतात वं?"

"कितीसा? खाली नेलं की लगेच वर. डोळे मिटून उघडेपर्यंत झालेलं असतं."

बाबांनी आणखी दोन शेंगा सोलल्या. दाणे वाटीत न टाकता हातातच धरून बसले.

"मले बी घ्याचा आहे बाप्तिस्मा," ते म्हणाले. "नातीसोबत घेईन म्हणतो. पण मले पाण्याचं भेव वाटते."

मला वाटलं ते थंडीचं बोलताहेत. डिसेंबर होता. मी म्हटलं, "गरम पाण्याच्या बादल्या ओततो ना आम्ही."

"थंडीचं नाई वं. पाण्याचं."

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी बागेतल्या विहिरीच्या पायरीवर शेवाळ होतं, पाय घसरला आणि ते आत गेले. काठावर त्यांची मोठी बहीण होती. ती ओरडली म्हणून शेजारच्या मळ्यातला माणूस धावत आला आणि त्याने उडी टाकली. "मी बुडालो तवा वर पाहिलं, त आभाळ थाळीएवढं होतं," बाबा म्हणाले. "अन् थे थाळी हालून राहिली होती." त्यानंतर ते नदीत उतरले नाहीत, विहिरीत वाकून पाहिलं नाही. आंघोळ करतानासुद्धा तोंडावर पाणी हातानेच घेतात, तांब्याने नाही. हे मी इतकी वर्षं पाहत होते, पण त्यात काही आहे असं मनातही आलं नव्हतं.

"मग एवढी वर्षं म्हणून थांबलात?"

"काय सांगू लोकायले? लहान लहान पोरं हासत उतरतात. मी त्यायचे झगे शिवतो, अन् मलेच भेव. लाज वाटे."

"पाळकसाहेबांना सांगू या. ते डोक्यावर पाणी शिंपडून करतील. काही चर्चमध्ये तसंच करतात."

"नाई," बाबा म्हणाले. "सगळे जसे उतरले, तसाच मी उतरीन. फक्त कसं उतराचं थे सांग."

दारात आई उभ्या होत्या. केव्हापासून, आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. त्या आत आल्या आणि बाबांच्या समोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"म्हंजे मी इतके वर्षं देवाले म्हणून राहिली होती, यायचं मन वळव, यायचं मन वळव," त्या म्हणाल्या. "मन त कधीचंच वळलं होतं. पायच अडून बसले होते!" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. बाबा बिचारे ओशाळून दाणे वाटीत टाकू लागले.

त्याच संध्याकाळपासून तालीम सुरू झाली. मागच्या अंगणात मुलीने मोठा टब भरून ठेवला. बाबांनी नाक धरायचं, डोळे मिटायचे आणि तोंड पाण्यात घालायचं. पहिल्यांदा कपाळाला पाणी लागताच त्यांनी असा झटका दिला की निम्मा टब माझ्या अंगावर आला. मुलगी शिकवणीच्या बाईंसारखी बाजूला उभी. "आजोबा, नाक सोडू नका! अहो, श्वास आधी घ्या, नंतर नाही!" आई बाजेवर बसून पाहत होत्या आणि मधूनच म्हणत होत्या, "पुरे झालं, सर्दी होईन त्यायले." पण बाबा ऐकत नव्हते. रोज संध्याकाळी दुकानातून आले की शर्ट काढून टबासमोर. हळूहळू त्यांना एका श्वासापुरतं पाण्याखाली राहता यायला लागलं. वर आले की आमच्याकडे असे पाहत, जणू संत्र्याची अख्खी गाडी एकट्याने उतरवून आलेत.

पण टब म्हणजे हौद नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं. शनिवारी मी आणि बाबा चर्चमध्ये गेलो. फळ्या उचललेल्या होत्या, हौद घासून कोरडा होता. बाबा काठावर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. पाळकसाहेबांना मी सगळं सांगून ठेवलं होतं. ते नगरकडचे, शांत माणूस, बोलणं मोजकं.

"बाबा, कसं करू या? तुम्ही सांगा," ते म्हणाले.

बाबांनी वाकून पायऱ्या मोजल्या. मग म्हणाले, "पाणी भराच्या आधी मी आत जाऊन बसू का?"

पाळकसाहेबांनी काही न विचारता पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आधी स्वतःच उतरले. खालच्या पायरीवर बसले. बाबा त्यांच्या शेजारी. मीही पदर खोचून वरच्या पायरीवर बसले. कोणीतरी नळ सोडला आणि पाइपमधून पाणी येऊ लागलं.

हौद भरायला वेळ लागतो. पाळकसाहेबांनी यंदाच्या संत्र्याच्या आंबिया बहाराचं विचारलं. बाबांनी सांगितलं, भावाकडे फळ बरं आहे, काटोलच्या बाजारात दरही बरा मिळून राहिला. पाणी घोट्यापर्यंत आलं. मग नातीच्या शिक्षणाचं निघालं. पाणी पोटऱ्यांवर आलं. बाबा बसल्या जागेवरून एक पायरीही वर सरकले नाहीत. पाणी कमरेला लागलं. त्यांनी मागे हात करून माझा हात धरला. हात थंडगार होता आणि पकड शिंप्याची, घट्ट.

"बंद करू?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"नाई, येऊ द्या."

पाणी छातीला लागलं तेव्हा बाबा उठून उभे राहिले. दोन्ही तळवे त्यांनी पाण्यावर ठेवले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "विहिरीत थे एकदम आलं होतं वं. हे इचारून इचारून आलं."

घरी येईपर्यंत त्यांच्या बोटांच्या सुरकुत्या गेल्या नव्हत्या.

रविवारी पहाटेची एसटी धरून गावाहून बाबांची बहीण आली. तीच, विहिरीच्या काठावरची. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. नऊवारी, ठसठशीत कुंकू, सोबत पुतण्या आणि त्याच्या खांद्यावर संत्र्यांची थैली. फोनवर बाबांनी बोलावलं होतं तेव्हा आक्कांनी एकच प्रश्न विचारला होता, "पाण्यात बुडवतात म्हणे?" बाबा म्हणाले होते, "हाव, पण काढतात." त्या चर्चमध्ये पहिल्यांदाच येत होत्या. पायातल्या चपला दाराशी काढून ठेवल्या, सगळीकडे नजर फिरवली आणि सगळ्यात पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. बहिणीची जागा पुढेच असते, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

आधी माझी मुलगी उतरली. ती वर आली तेव्हा तिचे केस तोंडाला चिकटले होते आणि ती हसत होती. मी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. तिला आईंच्या हवाली करून मी परत काठावर आले.

बाबा पायऱ्या उतरले. नवा झगा, त्यांच्याच हातचा. पाणी छातीपर्यंत. पाळकसाहेबांनी विचारलं, "प्रभू येशूवर तुमचा विश्वास आहे का?"

"हाव," बाबा म्हणाले. मग चुकल्यासारखं वाटून, जरा मोठ्याने, "आहे."

पाळकसाहेबांनी एक हात त्यांच्या पाठीमागे घातला. बाबांनी नाक धरलं. "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने..." आणि बाबा पाण्याखाली गेले.

"काढा त्याले!"

आक्का उठून उभ्या राहिल्या होत्या. "काढा ना गा! काहून ठेवलं त्याले खाली!"

तोवर बाबा वर येत होते. पाणी निथळत होतं, डोळे घट्ट मिटलेले, नाक अजून धरलेलं. बाबांनी नाक सोडलं, डोळे उघडले आणि आवाजाच्या दिशेने पाहिलं.

"आक्का, मी आहो वं. निघालो."

सगळं चर्च हसलं. टाळ्या सुरू झाल्या, पेटीवाल्याने गीत धरलं आणि लोक उभे राहून गाऊ लागले. मी टॉवेल पसरून पुढे झाले, पण आक्का माझ्या आधी पोचल्या होत्या. बाबा शेवटची पायरी चढतात न चढतात तोच त्यांनी पदराने त्यांचं तोंड पुसायला घेतलं. आधी कपाळ, मग गाल, मग कान. बाबा खाली मान घालून उभे राहिले, आणि मी टॉवेल धरून नुसती बघत राहिले.

पोहे खाताना आक्का माझ्या शेजारी बसल्या. त्यांना तर्री आवडली, पुन्हा मागून घेतली. मग म्हणाल्या, "तवा हिरीतून काढलं न, त थो बोलतच नोता. मी हाका मारून राहिली, अन् हा मुका. लय वेळानं रडला." त्यांनी पोह्यातली मिरची बाजूला काढली. "आज लवकर बोलला."

पुतण्याने संत्री फोडून वाटली. आक्कांनी पाळकसाहेबांना बागेत यायचं आमंत्रण दिलं आणि वर बजावलं, विहिरीला आता कठडा बांधलेला आहे, म्हणून भिऊ नका.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे तेच आमच्याकडे भाकर आणि द्राक्षरस घेतात. इतकी वर्षं भाकरीचं ताट आईंच्या हातात यायचं, त्या आपला तुकडा घ्यायच्या आणि बाबांच्या पुढून हात लांब करून ताट पलीकडच्या माणसाला द्यायच्या. मी त्या दिवशी मुद्दाम मागे त्यांच्याजवळ बसले होते. आईंनी तुकडा घेतला, ताट बाबांसमोर धरलं आणि तिथेच थांबल्या.

बाबांनी तुकडा उचलला, तळहातावर ठेवला आणि आईंच्या कानाशी वाकून, मागच्या तीन बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आत्ताच खाऊ का थांबू?"

"थांबा," आई म्हणाल्या. "सगळ्यायले मिळू द्या."

बाबा थांबले. हात तसाच पुढे धरून, ताट पुढे पुढे जात असताना, ते एकेकाकडे पाहत राहिले.