त्यांच्या हिंदीवर आपण हसलो

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका ग्रामीण खासदारांच्या लोकसभेतल्या भाषणाची क्लिप आली. त्यांच्या अडखळत्या हिंदीवर सगळे हसत होते. हसरा इमोजी मीही टाकला.

पोळ्या लाटणाऱ्या सुनंदाताई मोबाईलमध्ये डोकावल्या. "अगंबाई, हे तर आमच्याकडचे! पाण्याचं बोलले का ओ?"

मी पूर्ण भाषण लावलं. धरणाचं पाणी शहरांना जातं आणि धरणाकाठच्या बायका हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात, असं ते सांगत होते. त्यांनी सुनंदाताईंच्या पाड्याचं नाव घेतलं.

"माझी आई उतरते," त्या म्हणाल्या. "आता होईल ना काहीतरी?"

ते भाषण मी ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं, "एवढं कोण ऐकणार मॅडम? कॉमेडीवालाच भाग पाठवा."

इमोजी मी काढून टाकला, पण स्वतःची किळस जात नाही. डोंबिवलीत बसून त्यांचंच पाणी पितो आपण. मग पाच मिनिटं ऐकून घ्यायला काय होतं?