दादाच्या लॅपटॉपांचं वायफाय

माझा भाऊ, दादा, गेला आणि आमच्या चुडावा गावच्या विहारातल्या वाचनालयात त्यानं लावलेले तीन जुने लॅपटॉप मागे राहिले. तो शाळेत लिपिक होता. एका कार्यालयानं काढून टाकलेले ते लॅपटॉप त्यानं मागून आणले, त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम घातली आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलींसाठी ठेवले. किडनीच्या आजारात डायलिसिस करून परतला की घरी येण्याआधी तो तिथे डोकवायचा. मी घरून प्रोग्रामिंगचं काम करते, त्यामुळे त्याच्यामागे ते आपसूक माझ्याकडे आलं.

यंदा सिस्टीम अपडेट केली आणि तिन्हींचं वायफाय मधेच मरू लागलं. वायरलेस कार्डाला दर वेळी चालू होताना फर्मवेअर, म्हणजे त्याचा स्वतःचा छोटा प्रोग्राम, भरून द्यावा लागतो. कार्ड अडकलं तर ड्रायव्हरनं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सिस्टीमच्या भागानं, ते ओळखून फर्मवेअर पुन्हा भरायचं. नव्या आवृत्तीत नेमकं तेच होत नव्हतं. मी हातानं ड्रायव्हर काढून परत चढवायची. कार्ड उठायचं, पण तोवर मुलींचा ऑनलाइन वर्ग पुढे गेलेला असायचा. दुसरं कार्ड त्या लॅपटॉपांत चालत नव्हतं.

"ताई, भंगारात द्या आता," एक मुलगी म्हणाली. रागानं नाही, थकून.

वडील, आमचे नाना, तिथंच सतरंजी झटकत होते. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "त्याच्या हातचे हायत."

मी ड्रायव्हरचा कोड वाचायला घेतला. कोडची साफसफाई करताना कुणीतरी कार्ड अडकलंय का ते पाहणारी तपासणी काढून टाकली होती. एवढी जुनी कार्डं आता कोण वापरतं, असं वाटलं असावं. ती मी परत बसवली. वायफाय टिकलं. मग तो बदल ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांकडे पाठवला आणि खाली सही म्हणून दादाचं नाव घातलं.

दूरदेशीच्या एका गृहस्थांचं उत्तर आलं. ईमेल माझ्या नावाचा आणि सही दुसऱ्याची, म्हणून त्यांनी नावाबद्दल विचारलं होतं. मी खरं ते कळवलं. त्यांनी लिहिलं, "तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. पण बदल ज्यानं केला त्याचीच सही लागते. चुकलं तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. आणि आमच्याकडे हे कार्डच उरलेलं नाही. पुढची प्रत्येक आवृत्ती त्यावर चालवून बघणार कोण?"

दादाचं नाव पुसलं. तिथे माझं घातलं. दर आवृत्ती आमच्या लॅपटॉपांवर मीच चालवून बघीन, असं कळवलं. बदल स्वीकारला गेला.

नाना अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांना सांगितलं.

"त्याचं नाव हाय का त्यात?"

"न्हाई, नाना. माझं लागलंय. आता ते कार्ड मी सांभाळायचं."

सोललेले दाणे त्यांनी सुपात टाकले.

"आन् तुज्या मागं कोन?"

"माहीत न्हाई."

"बरं," ते म्हणाले. "तवर तू कर."