दादाचा दगड

आत्मसमर्पण केल्यावर माझा थोरला भाऊ मला पहिल्यांदा भेटला तो गडचिरोलीत, एका सरकारी इमारतीच्या व्हरांड्यात. पंधरा वर्षांनी. चेहरा ओळखू येत नव्हता, मी त्याला कानावरून ओळखलं. लहानपणी माझ्या गलोलीचा खडा लागून त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटली होती, ती तशीच लोंबत होती. मला वाटलं, तो आधी आईबांचं विचारील. त्यानं विचारलं,

"माझा दगड अजून उभा हाये का?"

मी म्हटलं, "हाये." पुढं जे सांगायला हवं होतं, ते गिळून टाकलं.

आम्ही दोघं आपसात माडियात बोलतो. ते मी इथं आमच्या बाजारातल्या मराठीत उतरवतोय, कारण मला लिहायला शिकवलं ते मराठीतच.

दगडाचं सांगतो. आमच्याकडे माणूस मेला की गावाबाहेर वाटेच्या कडेला त्याच्या नावानं उभा दगड रोवतात. त्या दिवशी गाव जेवतं आणि मेलेला जाऊन पूर्वजांत बसतो. पुढं घरचे लोक येता-जाता दगडापाशी थांबतात, मोहाच्या दारूचे चार थेंब शिंपडतात, घरातलं बरंवाईट सांगतात, घरी ये म्हणून बोलावतात. दगडाशी बोलणाऱ्याला आमच्यात कोणी वेडा म्हणत नाही.

दादा जंगलात गेला तेव्हा मी आश्रमशाळेत होतो. दलमनं, म्हणजे नक्षल्यांच्या तुकडीनं, घरटी एक पोरगा मागितला होता. बा मला शाळेतून बोलावणार होता, कारण शेतावर दादाचाच हात चालायचा. दादा म्हणाला, "त्याले शिकू द्या. मी जातो." आमच्या भागात जंगलातल्या सगळ्यांनाच 'दादा लोक' म्हणतात. मला मात्र तो शब्द त्या दिवसापासून दुसऱ्या कोणासाठी तोंडातून काढवला नाही.

तो गेला आणि बाच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. दर पंधरवड्याला ठाण्यावर बोलावणं. दिवसभर बाकावर बसायचं, संध्याकाळी एकच प्रश्न, "पोरगा कुठी हाये?" घरी यावं तर जंगलवाले विचारणार, ठाण्यात एवढा वेळ काय बोलत होतास? इकडे आड, तिकडे विहीर. त्यात मी बारावीची परीक्षा देऊन घरी आलो आणि अक्कल पाजळली. म्हटलं, तो मेला म्हणून सांगा. नुसतं सांगून कोणी ऐकणार नाही, दगडच उभा करा.

आई उठून बाहेर गेली. तिसऱ्या दिवशी बा डोंगरावर जाऊन दगड निवडून आला, पुरुषभर उंचीचा.

गावाची पूजाअर्चा करणाऱ्या गायत्यानं विचारलं, "मेला हे कोणं सांगतलं?" मी जुना पेपर उघडून दाखवला आणि म्हटलं, यात छापून आलंय. गावात पेपर वाचणारा मी एकटाच. मी वाचला म्हणजे झालं. गायता पेपराकडं नाही, माझ्याकडंच बघत राहिला आणि मग रडायला लागला. सगळं गाव रडलं. खरं फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं, आई, बा आणि मी. रडायला आम्हीही रडलो. त्यात सोंग किती होतं, ते आजही सांगता येत नाही.

पोलीस आले. दगड बघितला, त्यांच्यातल्या एकानं टोपी काढली. बाची बोलावणी बंद झाली. माझी युक्ती लागू पडली म्हणून मी खूश झालो. लिहिताना लाज वाटते, पण झालो.

आई मात्र दगड रोवल्यापासून रोज दुपारी भोपळ्याच्या तुंब्यात आंबील घेऊन तिथं जायला लागली. द्रोणात थोडी ओतायची, आणि जंगलाकडं पाठ करून दगडाशी बोलत बसायची. गावाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मीच एकदा चिडलो.

"आई, तो जिता हाये. दगडाशी काय बोलतं?"

"मग कुठी बोलू?" ती म्हणाली.

पुढं मला आलापल्लीच्या लाकूड डेपोत मोजणीचं काम लागलं. सागाचे लठ्ठे मोजायचे, टोकाला हातोड्यानं नंबर ठोकायचा. डेपोत पेपर यायचा. चकमकीत मेलेल्यांचे फोटो आले की मी आधी कान बघायचो. पेपरात नसलेलं मरण मी गावाला वाचून दाखवलं होतं, आता तेच रोज छापलेल्या अक्षरांत शोधत होतो. डावा कान दिसत नसला, तर जेवण जायचं नाही. दगडानंतर तिसऱ्या वर्षी आई गेली. त्यानंतर दोन वर्षांनी बा. दोघांचे दगड दादाच्या दगडाशेजारीच रोवले. म्हणजे घर सगळं तिथं बसलं होतं आणि मी एकटा आलापल्लीत.

आई-बा गेल्याचं दादाला जंगलातच कळलं होतं, पण दगडामागचं हे सगळं त्याला सांगायचं होतं. भेटलो की मी नोकरीचं बोलायचो, त्याच्या नव्या खोलीचं, आधार कार्डाचं. तो ऐकून घ्यायचा आणि मग म्हणायचा, "गावाले कधी जायचं?" शहरातली खोली त्याला घर वाटत नव्हती. शेवटी परवानगी मिळाली, आणि मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून निघालो.

मोह पडायचे दिवस होते. वाटभर तोच वास. गावात शिरायच्या आधीच त्यानं खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला सांगितलं. तिन्ही दगड उन्हात उभे होते. त्याचा थोडा कलला होता. त्यानं आईच्या आणि बाच्या दगडाला हात लावला. स्वतःच्या दगडाला लावला नाही.

"मी आलो होतो इथी," तो म्हणाला.

मला वाटलं, लहानपणचं सांगतोय.

"दलममध्ये चौथं वर्ष होतं. बाजारात कोणीतरी सांगतलं, तुझा दगड रोवला गावानं. बंदूक नाल्यात लपवली अन् आलो. सारं सोडूनच आलो होतो. दुपार होती. आई इथी बसली होती, पाठमोरी. मी त्या मोहामागं उभा होतो." त्यानं वाटेपलीकडचं झाड दाखवलं. "ती दगडाशी बोलून राह्यली होती, मेलेल्याले बोलावतात तशी. मले वाटलं, समोर गेलो तं भूत समजून जागीच मरन. घरानं रडून घेतलं, गावाले जेवण घातलं, आता कशाले? मी परत गेलो."

त्यानंतर तो अकरा वर्षं जंगलात होता.

मला गप्प बसता आलं असतं. घरानं आपल्याला मेला समजलं, यात त्याला कोणाचा दोष दिसत नव्हता. मी बोललो नाही तर ते तसंच राहिलं असतं, आणि त्याच्या लेखी आई त्याची आशा सोडूनच मेली असती. हे मला सोसेना. मी सगळं सांगितलं. ठाणं, बारावी, पेपर, दगड ही माझी युक्ती.

त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं. तो दगडापाशी, जिथं आई बसायची तिथं खाली बसला.

"आईले माहीत होतं, मी जिता हाये म्हणून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग ती मलेच म्हणून राह्यली होती."

"काय म्हणत होती?"

"ये बाबा. नाल्याकडून ये. मागचं दार मी लावत नाई." मान खाली घालून तो म्हणाला, "मी तिथी उभा राहून सारं ऐकलं."

मग तो उठला, वाट ओलांडून त्या मोहामागं जाऊन उभा राहिला. तिथून तो दगडाकडं सरळ चालत आला, कोणी बसलेलं असावं आणि दचकू नये अशा बेतानं. मोजायची माझी सवय जात नाही. सतरा पावलं होती.